भात्याची पकड

कोराडी म्हटलं की नागपूरकराला आधी वीज केंद्राच्या चिमण्या आठवतात, मग नवरात्रातली जगदंबेच्या दर्शनाची रांग. ५ जुलै २०२३ रोजी या यादीत आणखी एका ठिकाणाची भर पडली. भारतीय विद्या भवनच्या सांस्कृतिक केंद्रातल्या ‘रामायण दर्शनम्’ दालनाचं उद्घाटन त्या दिवशी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं. त्यानंतर बरोबर महिन्याने, ५ ऑगस्टला, नागपूरच्याच ओजस देवतळेने बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड प्रकाराचं वैयक्तिक सुवर्ण मिळवलं. अंतिम लढतीत १५ बाण, १५० पैकी १५० गुण. पोलंडच्या लुकाश प्शिबिल्स्कीने १४९ केले, आणि तरी तो हरला.

कॅलेंडरांपासून चित्रदालनांपर्यंत रामाचा भाता पाठीवर असतो; स्पर्धेतल्या तिरंदाजाचा कमरेला. भात्याला तिसरीही एक जागा आहे, आपल्याकडे फारशी न दिसणारी : खुद्द धनुष्य. बाण धनुष्याच्याच अंगाला चिकटवून नेणारा हा भाता शिकाऱ्यांच्या गरजेतून आला, आणि त्याची गोष्ट बाण बारीक होत गेला तसतशी गुंतागुंतीची होत गेली.

पाठीवरचा भाता चित्रात शोभतो, झाडीत नडतो. बाणांची पिसं खांद्याच्या वर येतात, ती फांदीत अडकतात. वाकलं की बाण सांडतात. चालताना ते एकमेकांवर आपटतात, आणि हरणाच्या कानाला तेवढं पुरतं. खांडववनाच्या प्रसंगी वरुणाकडून अर्जुनाला गांडीवाबरोबर दोन अक्षय भाते मिळाले, म्हणजे बाण संपणार नाहीत याची हमी होती. ते वाजणार तर नाहीत ना, अशी चौकशी त्याने केल्याचं काही ऐकिवात नाही. कमरेचा भाता मैदानावर उत्तम, पण मचाणावर चढताना तोही मांडीशी खेळत बसतो. धनुष्यावर बसवलेला भाता या सगळ्या कटकटीतून सोडवतो. धनुष्य उचललं की बाण आलेच, आणि पुढचा बाण हाताच्या अंतरावर.

रचना साधी असते. वर टोपी, तिच्यात बाणांची पाती लपतात. खाली रबराची पट्टी, तिला खाचा. तिला ग्रिपर म्हणतात. बाणाची दांडी खाचेत दाबली की कट् असा आवाज होऊन ती बसते. भात्याचा खरा कस या खाचेत लागतो. किती बाण मावतात, कॅमोफ्लाजचा रंग कोणता, हे विक्रेता आधी सांगतो. विचारायला हवं ते इतकंच, की माझा बाण यात हलेल का.

कारण बाण बदलले. अमेरिकेत मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलनला कंपाउंड धनुष्याचं पेटंट १९६९ साली मिळालं. कप्प्यांवर दोर फिरवणाऱ्या या धनुष्याने बाणाचा वेग वाढवला. बाण लाकडाचे होते, ॲल्युमिनियमचे झाले, मग कार्बनचे. कार्बनची दांडी बारीक करूनही ताठ राहते. शिकारीच्या नेहमीच्या कार्बन बाणाची बाहेरची जाडी साडेसात मिलिमीटरच्या आसपास असते. सगळ्यात बारीक जातीची सहाच्याही खाली येते. आडव्या वाऱ्याला अडणारी बाजू त्यामुळे पाचव्या हिश्शाहून अधिक कमी होते, बाण कमी ढळतो. लक्ष्यात शिरताना घर्षणही कमी, म्हणून खोल जातो. शिकाऱ्यांना हे आवडलं नसतं तरच नवल.

पण जुन्या खाचेला हा बाण सैल. दीड मिलिमीटरचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. सुटतानाची सगळी ताकद बाण घेऊन जात नाही. काही धनुष्यातच राहते आणि ते थरारतं. त्या थरथरीत सैल बाण खाचेत वळवळतो, खडखडतो, हळूहळू खाली सरकतो. त्याची शेपटी धनुष्याच्या पात्यापर्यंत किंवा कप्पीपर्यंत पोचली तर पुढचा दोर सुटताना काय होईल, ते सांगायला नको. टोपीतून बाहेर निसटलं तर ते वस्तऱ्याच्या धारेचं पातं असतं, आणि ते धनुष्य धरणाऱ्याच्या मनगटापासून वीतभर अंतरावर असतं.

म्हणून भाता घ्यायला जाताना आपला बाण बरोबर न्यावा. तो खाचेत बसवावा, भाता उलटा धरावा आणि झटकावा. मग दांडी दोन बोटांत धरून फिरवून पाहावी. सहज फिरली तर खाच मोठी आहे. बारीक बाणांसाठी वेगळे ग्रिपर मिळतात, काही भात्यांत ते बदलता येतात. एकाऐवजी दोन ग्रिपर असतील तर फारच चांगलं. टोपी आणि ग्रिपर यांत अंतर जितकं जास्त, तितका बाण स्थिर. दांडीवर टेप गुंडाळून जाडी वाढवायचा जुगाड करणारेही आहेत, पण त्याने बाणाचं वजन बदलतं, आणि सगळ्या बाणांवर टेप सारखाच बसेल याचा भरवसा नाही.

टोपीच्या आतलं फोमही तपासावं. स्थिर पात्याचं टोक फोममध्ये रुतवलं तरी चालतं, मात्र वारंवार रुतवून पात्याची धार मंदावते. लक्ष्याला लागल्यावर उघडणाऱ्या पात्यांना ते अजिबात चालत नाही. फोममध्ये दाबताना पाती तिथेच उघडतात. त्यांना नुसतं टोक धरणारी टोपी हवी.

वजनाचा मुद्दा बरेच जण विसरतात. एक बाण साधारण २५ ते ३० ग्रॅमचा. पाच बाण आणि भात्याचं स्वतःचं वजन, हे सगळं एकाच बाजूला लटकतं. उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या धनुष्यावर ती बाजू उजवी. नेम धरायच्या साइटमध्ये समतल दाखवणारा बुडबुडा असतो. भरला भाता लावून धनुष्य ताणलं की तो मध्यावरून ढळताना दिसतो, आणि मनगट नकळत त्याची भरपाई करायला लागतं. भाता धनुष्याला जितका चिकटून बसेल, तितका हा ओढा कमी. म्हणूनच टोपी आणि ग्रिपर वेगवेगळे स्क्रूने कसायचे, असा दोन तुकड्यांचा भाता कैक जुनेजाणते अजून सोडत नाहीत. तो चटकन काढता येत नाही, पण बोलतही नाही. चटकन निघणाऱ्या एकसंध भात्याचा सांधा आधी हलवून पाहावा. आणि भाता लावूनच बाण सोडायचे असतील तर सरावही भाता लावूनच करावा.

नागपूरच्या मे महिन्याचा विचार परदेशी बनावटीत कुणी केलेला नसतो. बाहेर ४५ अंश असताना बंद गाडीच्या डिकीत भाता पडून राहिला, तर रबर आपली पकड गमावू लागतं, आणि बाणाचं टोक उष्ण गोंदाने बसवलेलं असेल तर तेही सैल पडतं. बाण डिकीत ठेवू नयेत, एवढंच.

आता शिकारीचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शस्त्र’ या संज्ञेत धनुष्यबाण नाव घेऊन घातलेले आहेत आणि शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच धरली जाते. कोराडीहून पेंच काही लांब नाही; अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे. त्यामुळे भारतात या भात्याचा रास्त उपयोग उरतो तो फोमच्या प्राण्यांवर नेम धरणाऱ्या थ्री-डी तिरंदाजीत, तोही आयोजकांच्या नियमांत बसत असेल तर. ओजससारख्यांच्या खेळाला तो लागत नाही. ५० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं असतं, तिथे धनुष्याला एका बाजूला लटकणारं ओझं कोण ठेवील? प्रवीण सावंत यांच्या साताऱ्याच्या अकादमीत ओजस घडला, तिथेच घडलेल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीनेही बर्लिनला त्याच दिवशी, वयाच्या १७ व्या वर्षी, महिलांचं कंपाउंड सुवर्ण जिंकलं. दोघांनाही त्या वर्षीचा अर्जुन पुरस्कार मिळाला.

थ्री-डीसाठी धनुष्यावरचा भाता घ्यायचाच असेल, तर पाच-सहा बाणांचा घेऊ नये. तीन बाणांचा पुरतो, हलका पडतो, आणि वाचलेल्या पैशांत एकसारख्या वजनाचे, निवडून घेतलेले बाण येतात.