तगर आणि सांगड

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही, पण तेर गावाचं नाव दर्यावर्दींच्या पुस्तकात आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’चा ग्रीक भाषेत लिहिणारा लेखक सांगतो: पैठणच्या पूर्वेला 10 दिवसांच्या वाटेवर तगर. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाते.

तगर म्हणजेच तेर.

त्याच पुस्तकात पूर्व किनाऱ्यावरची ‘संगारा’ भेटते: अखंड ओंडक्यांच्या होड्या एकमेकींना बांधून केलेलं मोठं जहाज. ही आपली सांगडच की! अभ्यासक तिचं मूळ संस्कृत ‘संघाट’मध्ये, म्हणजे जोडणीत शोधतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशातही सांगड म्हणजे बांधलेल्या दोन होड्या. शिवाय पोहण्यासाठी जोडलेले दोन भोपळेसुद्धा.

तेरच्या तेरणा नदीकाठी भोपळे बांधून पोहायला शिकलेलं कुणी आहे का इथे? भोपळ्यांच्या त्या जोडीला काय म्हणायचात, नक्की कळवा.