कोनाड्यातली डोळ्यांची बाटली

मळणीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. खळ्यावर यंत्र घरघरते आहे, भुस्सा वाऱ्यावर उडतो आहे, कणसे लावणाऱ्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या आहेत. संध्याकाळी घरी येईपर्यंत डोळे लाल होतात, चुरचुरतात, पापण्या जड होतात. हातपाय धुऊन घरधनी ओसरीवर टेकतो आणि आत हाक मारतो, "अगं, ती डोळ्यांची बाटली दे बरं!"

बाटली कोनाड्यातच असते. मागल्या वर्षी आजींच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा आणलेली. अर्धी उरली, टाकवेना म्हणून ठेवलेली. दोन थेंब पडतात, डोळा गार वाटतो, लालीही उतरते. "औषध मोठं गुणाचं!" असे म्हणून बाटली पुन्हा कोनाड्यात जाते.

आज बोलायचे आहे ते या बाटलीविषयीच. कारण योग्य थेंब डोळ्याला आराम देतात ही गोष्ट जितकी खरी, तितकेच हेही खरे की चुकीच्या थेंबांनी चांगला डोळा जातो.

डोळा का थकतो?

आपल्या डोळ्यावर आसवांचा एक पातळ थर सदैव असतो. त्यात पाणी असते, वर तेलाचा तवंग असतो आणि तळाशी चिकट पदार्थ असतो. आपण पापणी मिटतो तेव्हा हा थर सारवणासारखा डोळ्यावर सारखा पसरतो. ऊन, वारा, धूळ आणि चुलीचा धूर यांनी तो लवकर सुकतो. मोबाइल किंवा टीव्ही टक लावून पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, तेव्हाही तेच होते. वय वाढले की आसवेच कमी होतात आणि पाळी गेलेल्या बायकांना हा त्रास अधिक जाणवतो. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. गंमत अशी की कोरडा डोळाच कधी कधी घळघळा पाणी गाळतो.

अशा थकल्या डोळ्याला पहिला उपाय फुकटचा आहे. स्वच्छ, गार पाण्याने तोंड धुवा, स्वच्छ फडक्याची गार घडी मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवा आणि झोप पुरी घ्या. डोळा मात्र चोळू नका. आत कुसळ असेल तर चोळल्याने ते बुबुळावर ओरखडा काढते.

एवढ्याने भागले नाही, तर 'कृत्रिम अश्रू' म्हणून थेंब मिळतात. त्यांच्या वेष्टनावर बहुधा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा हायप्रोमेलोज असे नाव असते. हे औषध कुठल्या रोगावर नाही, आसवांच्या जागी ओलावा देणे एवढेच त्याचे काम. दिवसातून तीन-चार वेळा घालायला हरकत नसते. त्याहून जास्त वेळा लागू लागले, तर डॉक्टरांना डोळा दाखवा.

चाळिशीनंतर सुईत दोरा ओवताना किंवा पोथी वाचताना डोळे दुखत असतील, तर दोष बहुधा जवळच्या नजरेचा असतो. तिथे थेंबांचा उपयोग नाही, चष्माच हवा.

सगळ्या बाटल्या सारख्या नसतात

दुकानात 'डोळ्यांचे थेंब' म्हणून मागितले की जे हाती येते, त्यात चार वेगवेगळ्या जाती असू शकतात. पहिली वर सांगितलेली, ओलावा देणारी. दुसरी लाली घालवणारी, उदाहरणार्थ नॅफॅझोलिनची. ती डोळ्यातल्या रक्तवाहिन्या आवळते, म्हणून डोळा पांढरा दिसतो. पण सवय लागली की औषधाचा असर उतरताच डोळा पहिल्याहून लाल होतो. तिसरी जंतुनाशक, म्हणजे अँटिबायोटिकची. जिवाणूंच्या संसर्गात ती मोलाची, नुसत्या थकव्याला मात्र निरुपयोगी.

चौथी जात स्टेरॉइडची. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही तिची नावे. कित्येकदा अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकाच बाटलीत असतात. ऑपरेशननंतर डोळ्याची सूज उतरवायला डॉक्टर हीच देतात आणि ठरल्या दिवसांनी बंद करायला सांगतात. आजींची कोनाड्यातली बाटली बहुधा याच जातीची असते.

या थेंबांनी लाली आणि आग झटकन उतरते, म्हणून ते गुणाचे वाटतात. पण डॉक्टरांच्या देखरेखीवाचून आठवडेच्या आठवडे घातले, तर काही माणसांच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो दुखत नाही, खुपत नाही. आतली नस मात्र हळूहळू सुकते आणि काचबिंदू होतो. गेलेली नजर मग कुठल्याच ऑपरेशनने परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर धरतो.

कुसळाचा ओरखडा

शेतकऱ्याला याहून मोठा धोका आहे. उसाचे पाते, भाताची लोंबी, ज्वारीचे कुसळ किंवा बाभळीचा काटा बुबुळाला लागतो. ओरखडा एवढासा, दिसतही नाही. पण पाल्याबरोबर आणि मातीबरोबर बुरशीचे कण आत जातात. दोन-चार दिवसांनी डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सोसवत नाही. अशा वेळी स्टेरॉइडचा थेंब पडला, तर शरीराची झुंजण्याची ताकद तिथे कमी होते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. लाली कमी झाली म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि आत जखम खोल जात असते. बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. जखम भरली तरी डोळ्यात फूल राहते, आणि पुष्कळदा नजर जाते ती जातेच.

हे टाळता येते काय? येते. नेपाळातील भक्तपूर भागात गावोगावच्या स्वयंसेवकांना बुबुळावरचा ताजा ओरखडा ओळखायला शिकवले होते. ओरखडा सापडला की तीन दिवस, दिवसातून तीन वेळा अँटिबायोटिक मलम घालायचे, एवढाच उपचार. २००१ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्यावर लागल्यापासून १८ तासांच्या आत उपचार सुरू झाला, त्यांच्यापैकी एकाच्याही बुबुळावर व्रण झाला नाही. म्हणून डोळ्याला काही लागले, तर 'उद्या बघू' म्हणू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. तुमचा एक दिवसाचा खाडा पडेल, पण डोळा वाचेल.

घरगुती औषधे नकोत

मध, तूप, एरंडेल, कांद्याचा रस, बाळंतिणीचे दूध, पाल्याचा रस असे काहीही डोळ्यात घालू नका. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण या वस्तू निर्जंतुक नसतात, आणि ओरखडा पडलेल्या डोळ्याला तेच बाधते.

फवारणीचे औषध किंवा खाण्याचा चुना डोळ्यात उडाला, तर थेंब शोधत बसू नका. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार लगेच सुरू करा आणि पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवा. चुन्याचे कण राहिले तर डोळा भाजतच राहतो. मग तसेच दवाखान्यात जा. औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी सोबत न्या. चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

थेंब कसे घालावे?

आधी वेष्टनावरचे नाव आणि मुदत वाचा. कानाचे औषध, चामखिळीचे औषध आणि चिकटवायचा डिंक यांच्या बाटल्याही अशाच दिसतात. उजेड नसेल तर थेंब घालू नका. हात साबणाने धुवा. मान मागे करून खालची पापणी बोटाने हलकेच ओढा म्हणजे लहानशी खोबण होते. तिच्यात एकच थेंब सोडा. डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, दुसरा गालावरून वाहून जातो. बाटलीचे टोक पापणीला टेकवू नका. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे औषध घालायचे असेल तर पाच मिनिटे थांबा. मलम असेल तर ते सर्वांत शेवटी.

साधारणपणे फोडलेली बाटली महिन्याने टाकून द्यावी, मग आत कितीही उरलेले असो. फोडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवा. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ गावोगाव पसरली होती. अशी साथ एका हातातून, एका पंचातून घरभर होते, तशीच एका बाटलीतूनही होते.

केव्हा थांबू नये?

डोळा ठणकत असेल, उजेड सोसवत नसेल, नजर अंधुक झाली असेल, बुबुळावर पांढरे दिसत असेल, पू येत असेल, किंवा एकच डोळा लाल झाला असेल, तर घरी कुठलाही थेंब घालून पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जाताना घरात जी बाटली वापरली असेल ती बरोबर न्या. लपवू नका, डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.

वाचक हो, आज दिवेलागणीपूर्वी एवढे काम करा. कोनाड्यातली बाटली खाली काढा. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून तिच्यावरचे नाव आणि तारीख वाचून घ्या. जुनी असेल, दुसऱ्यासाठी आणलेली असेल, तर टाकून द्या. आणि पुढच्या मळणीआधी घरातल्या प्रत्येकासाठी एक साधा पारदर्शक चष्मा आणा. खळ्यावर कुणी हसले तर हसू द्या. कुसळ डोळ्यात जाण्याऐवजी काचेवर आपटले, की थेंबांची गरजच पडत नाही.