ऊस पाहत लुइझियाना : एका मोटारप्रवासाची आखणी



मागच्या महिन्यात सहा सभासद शेतकी ऑफिसात आले. हातात एका प्रवासी कंपनीचं रंगीत पत्रक होतं. अमेरिका पंधरा दिवस: न्यूयॉर्क, नायगारा, लास व्हेगस वगैरे. म्हणाले, "साहेब, ह्यात ऊस कुठं बसतोय का बघा." आम्ही पत्रक उलटसुलट करून पाहिलं. ऊस कुठेच बसत नव्हता. तेव्हा पत्रक बाजूला ठेवून भिंतीवरचा नकाशा काढला आणि नवीच आखणी केली. ती इथे देतो आहोत, म्हणजे पुढेमागे आणखी कोणाला जायचं झालं तर उपयोगी पडेल.

आधीच एक खुलासा. हा प्रवास ज्याने त्याने स्वखर्चाने करायचा आहे, कारखान्याचा एक पैसाही त्यात नाही. हे न लिहावं तर वार्षिक सभेत प्रश्न येतो.

सहापैकी एका सभासदांचा मुलगा टेक्सास राज्यात ह्यूस्टनला नोकरीस आहे. सात माणसांची गाडी घेऊन तो स्वतः चालवायला तयार झाला. म्हणजे सहा सभासद आणि तो, गाडी भरली. आम्हाला जागा नाही आणि रजाही नाही, ऊसनोंदी आणि तोडणी प्रोग्रॅम कोण बघणार! मुलगा फोनवर वडिलांना म्हणाला, "आबा, ऊस बघायला एवढ्या लांब कशाला येताय? घरी काय कमी आहे?" आबा काही बोलले नाहीत. बाहेर पडताना आम्हाला म्हणाले, "पोरगं सहा वर्षांत नऊ दिवस सलग आमच्यासंगं बसलेलं नाही. गाडीत तर बसंल."

टेक्सासमध्येच का फिरू नये, असा सवाल निघाला. त्या राज्याच्या दक्षिण टोकाला शेतकऱ्यांचा एक सहकारी साखर कारखाना होता. सुमारे पन्नास वर्षं चालला आणि कालव्याला पाणी नाही म्हणून 2024 मध्ये कायमचा बंद झाला. पाण्यावाचून कारखाना कसा बसतो हे बघायला विमानाने जायची गरज नाही. म्हणून शेजारचं लुइझियाना ठरवलं. तिथे पाच लाख एकरांच्या आसपास ऊस उभा असतो, आणि दर दोन-तीन तासांनी मुलूख बदलतो.

जायचं कधी? ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. तिकडचं गाळप सप्टेंबरअखेर सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालतं, म्हणजे चालू हंगाम दिसेल आणि आपला बॉयलर पेटायच्या आत घरी परत येता येईल. तिकडे घाई थंडीची असते. ऑगस्ट-सप्टेंबरात लागण करतात, हिवाळ्यात वरचा फुटवा गारठ्याने मरतो, मार्चमध्ये पुन्हा फुटतो आणि जेमतेम नऊ महिन्यांच्या वाढीवर तोड येते. आपला आडसाली सोळा-अठरा महिने रानात असतो, ते आठवा. तरी एकरी तीस-पस्तीस टन काढतात आणि लागणीनंतर तीन-चार खोडवे घेतात. बहुतेक ऊस पावसाच्या पाण्यावर असतो. पाऊस साठ इंचांच्या घरात, म्हणून सगळी खटपट पाणी रानाबाहेर काढण्याची. सहा फुटी सऱ्या आणि चर. आपण पाटकऱ्याच्या मागे लागतो, ते पाणी हाकलतात!

पहिल्या दिवशी ह्यूस्टनहून पूर्वेला लाफायेट, साधारण 350 किलोमीटर. वाटेत क्रॉली गावाच्या आसपास सपाट भातखाचरं लागतील. भात निघाला की त्याच पाणथळीत तिकडे झिंग्यासारखे छोटे नदीतले खेकडे वाढवतात. गाडीतून बघावं, थांबू नये.

पुढचे तीन मुक्काम न्यू आयबेरिया ह्या गावी. इथून टेश नावाच्या संथ ओढ्याच्या दोन्ही काठांनी ऊसच ऊस. असल्या ओढ्याला तिकडे 'बायू' म्हणतात. नावं लिहितात एक आणि बोलतात भलतंच, कारण मुलूख मूळ फ्रेंचांचा. जेनेरेट गावाजवळ एक सहकारी कारखाना आहे आणि एका घराण्याचा, 1825 पासून चालत आलेला, खासगीही आहे. दोन्ही बघावेत. तिकडे साधारणपणे साखरेच्या उत्पन्नातला साठ टक्क्यांच्या आसपासचा वाटा उत्पादकाला आणि बाकी कारखान्याला जातो. वजन, उतारा आणि वाहतूक कोणाच्या माथी, हे तीन प्रश्न सहकारी कारखान्यात आवर्जून विचारा आणि उत्तरं वहीत लिहून आणा. भेटीसाठी विनंतीपत्रं आम्ही तयार करून दिली आहेत. हंगामात अचानक दारात उभं राहिलं तर आपलाही वॉचमन आत सोडत नाही.

ह्याच मुक्कामात अर्धा दिवस ॲबव्हिल. तिथे 1910 पासून उघड्या कढयांच्या पद्धतीची उसाची काकवी करून पिवळ्या डब्यात विकतात.

पाचव्या दिवशी होमा आणि टिबोडो. होमाला अमेरिकन सरकारचं ऊस संशोधन केंद्र आहे. आमच्या दृष्टीने साऱ्या प्रवासाचं हे मुख्य ठिकाण. 1920 च्या दशकात मोझॅक रोगाने लुइझियानाचा ऊस बसला, कारखाने बंद पडले. तेव्हा जावाच्या जाती आल्या, आणि पाठोपाठ 1930 च्या दशकात आपल्या कोइमतूरच्या को 281 आणि को 290. तुमच्या-आमच्या बेण्याचे भाऊबंद तिथे जाऊन उभे राहिले, हे तिथल्या माणसांना सांगायला लाजू नका. दुसरी गोष्ट विचारून घ्यायची ती एल.सी.पी. 85-384 ह्या जातीची. 1993 मध्ये आली, भरघोस उतरली, आणि पुढे दहा-बारा वर्षांतच राज्यातल्या सुमारे नव्वद टक्के उसात तीच एक. मग तांबेरा चढला आणि सगळ्यांची धावपळ झाली. आपल्या गटात को 86032 किती टक्के आहे, ते नोंदवहीत बघून जा. आम्ही शिवारफेरीत हे बोलत आलो आहोत, पण साहेबाचं ऐकण्यापेक्षा ज्याचं रान जळलं त्याचं ऐकलेलं बरं.

आता तोडणी यंत्राचं. सहाही सभासदांना मुख्य ओढ त्याचीच, कारण टोळ्यांची उचल आणि मुकादमांची पळापळ सगळ्यांनी भोगली आहे. तिकडे कोयता कधीच गेला. आधी उभा ऊस अखंड कापणारी यंत्रं होती, 1990 च्या दशकापासून कांडी करून ट्रॉलीत टाकणारी आली. यंत्र जरूर बघा. बांधाची लांबी, वळायची जागा, सरीचं अंतर पायांनी मोजा. आपल्या वीस गुंठ्यांत ते कुठे फिरायचं, ह्याचा विचार तिथेच करा.

पण टिबोडोत आणखी एक तास ठेवला आहे. 1887 च्या नोव्हेंबरात, ऐन गाळपात, ऊसमजुरांनी संप केला होता. मागणी दिवसाला सव्वा डॉलर, जेवण मिळालं तर एक डॉलर, आणि तीही रोख. मजुरी चिठ्ठ्यांत मिळे आणि चिठ्ठी मालकाच्याच दुकानात चाले. 23 नोव्हेंबरच्या सकाळी बंदूकधाऱ्यांनी कृष्णवर्णीय मजुरांच्या वस्तीवर गोळीबार केला. किमान तीस माणसं मेली असं इतिहासकार धरतात, काही साठपर्यंत जातात. दुसऱ्या दिवशी मिसिसिपी नदीकाठी व्हिटनीचा मळा बघायचा. 2014 पासून तिथे संग्रहालय आहे, मालकांच्या बंगल्यापेक्षा ऊसगुलामांची हकिकत पुढे ठेवणारं. भिंतींवर त्यांची नावं कोरली आहेत. एक सभासद म्हणाले, "सुट्टीत हे कशाला?" आम्ही म्हटलं, यंत्राच्या आधी ऊस कोण तोडत होतं, तेही बघून या. तोडणीवाले आपल्याकडे कोपीत राहतात, त्यांची पोरं शाळेबाहेर असतात, हे आपण रोज बघतो.

मग न्यू ऑर्लिन्स. काही भाग समुद्रसपाटीखाली, 2005 च्या वादळात बुडालेलं शहर. इथल्या ऑडुबॉन पार्कच्या जागी एके काळी एत्येन द बोरे ह्याचा मळा होता. 1795 मध्ये त्याने राज्यातली पहिली दाणेदार साखर विकण्याजोगी काढली. याच शहरात 1806 मध्ये नॉर्बर्ट रिल्यू जन्मला. बाप गोरा, आई कृष्णवर्णीय. त्याच्या आधी गुलाम उघड्या कढयांतून उकळता रस पळ्यांनी पुढे ओतत. रिल्यूने 1840 च्या दशकात पहिल्या भांड्यातली वाफ दुसऱ्याला आणि दुसऱ्याची तिसऱ्याला लावली, हवा काढून घेतल्याने कमी तापावर रस उकळू लागला. आपल्या कारखान्यात बॉयलिंग हाऊसला जी रांगेने उभी इव्हॅपोरेटरची भांडी दिसतात, ती त्याच कल्पनेची.

परतीला बॅटन रूज, तिथून उत्तरेला पॉव्हर्टी पॉइंट. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसांनी टोपल्यांनी माती वाहून रचलेले उंचवटे आहेत. ह्या भागात कपाशी, पुढे चीडाचे डोंगर. डोंगर म्हणायचं एवढंच, राज्याचं सर्वांत उंच टोक 535 फुटांचं! मग श्रीव्हपोर्टवरून ह्यूस्टन.

काही सूचना. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला महिने लागू शकतात, आजच अर्ज भरा. मुलाशिवाय आणखी कोणी गाडी चालवणार असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तिकडे उजव्या बाजूने चालवतात. माळकरी सभासदांनी लाल राजमा-भात समोर आला तरी आधी विचारावं, त्यात हमखास मांस असतं. विमानतळावर "शेतावर जाणार का, गेला होता का" असं विचारतात, खरं सांगा. बूट धुऊन न्या आणि धुऊन आणा. आणि बेण्याचं एक डोळंही खिशात घालून आणू नका. रोग असाच येतो.

आबांनी घरच्या गुऱ्हाळाची काकवी ॲबव्हिलच्या काकवीशी ताडून बघायची म्हणून एक बाटली न्यायचं ठरवलं आहे. ती मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवावी, हातातल्या पिशवीत चालत नाही.