मनाचा घोर आणि अंगाची खाज

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला तान्हेपणापासून इसब आहे. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागच्या लवणीत कातडी लाल होते, खरखरीत होते, खाजवून खाजवून लस येते, मग खपली धरते. एरवी हे दुखणे आटोक्यात असे. पण तो चौथीत होता त्या साली सोयाबीन पाण्यात गेले. घरात रोज रात्री कर्जाची बोलणी चालत. पोरगा अंथरुणात पडून सगळे ऐकायचा आणि खाजवत राहायचा. महिन्याभरात दोन्ही हात नि मान फुलून आली. शाळेत कुणीतरी म्हणाले, "ही खरूज आहे, सगळ्यांना होईल." गुरुजींनी त्याला वेगळ्या बसकरावर कोपऱ्यात बसवले. त्या दिवसापासून खाज दुप्पट झाली आणि आठवड्याभरात पोराने शाळेचे नावच टाकले.

बहीण मला म्हणाली, "दादा, तू मानसशास्त्र शिकवतोस ना? मग सांग, हे दुखणं कातडीचं की मनाचं?"

मी काही डॉक्टर नव्हे. पण हा प्रश्न तुमच्याही घरात किंवा तुमच्या वर्गात कधी ना कधी निघाला असेल. म्हणून जाणकारांकडून जे समजून घेतले ते तुमच्यापुढे ठेवतो. उत्तर आधीच सांगून टाकतो: दुखणे कातडीचेच आहे, पण मनाचा घोर त्या आगीत तेल ओततो.

आपली कातडी म्हणजे गावाकडची दगडमातीची भिंत समजा. पेशी हे दगड आणि त्यांच्या सांध्यांतला तेलकट थर ही माती. सांधे घट्ट असले की आतला ओलावा आत राहतो आणि बाहेरची धूळ, परागकण, जंतू बाहेर राहतात. इसब होणाऱ्या पुष्कळांत ही भिंत जन्मतःच थोडी पोकळ असते. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की, फिलाग्रिन नावाचे कातडी घट्ट ठेवणारे प्रथिन काही जणांत जन्मापासूनच अपुरे असते आणि अशांना इसब होण्याचा संभव जास्त असतो. भिंतीच्या फटीतून बाहेरचे काही आत शिरले की शरीराची राखण खवळते. आपण ज्याला वावडे म्हणतो आणि डॉक्टर अ‍ॅलर्जी म्हणतात, ते हेच. ज्या वस्तूने शेजाऱ्याला काही होत नाही, तिला आपले शरीर शत्रू समजते. म्हणून अशा घरांत एकाला इसब, दुसऱ्याला दमा, तिसऱ्याला सकाळच्या शिंका, असा प्रकार पुष्कळदा दिसतो.

आता काळजीचा संबंध कुठे आला? १९९३ सालचा किल्लारीचा भूकंप आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्यानंतर सुमारे सव्वा वर्षाने, १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे, जपानात कोबे शहराच्या परिसरात असाच भयंकर भूकंप झाला. सहा हजारांवर माणसे दगावली. पुढे तिथल्या डॉक्टरांनी इसबाच्या सुमारे दीड हजार रुग्णांची चौकशी केली. जिथे पडझड फार झाली होती, तिथे शंभरातल्या ३८ जणांचा इसब वाढला होता. कमी पडझडीच्या भागात ३४ जणांचा वाढला होता. आणि जिथे नुकसान झालेच नाही, तिथे अवघ्या ७ जणांचा. तुम्ही म्हणाल, धूळ उडाली असेल, अंघोळीला पाणी मिळाले नसेल. शंका रास्त आहे. पण सगळा हिशेब मांडल्यावर इसब वाढण्याशी सर्वांत जवळचा संबंध निघाला तो मनाने घेतलेल्या धसक्याचा. थोड्या जणांना उलट आरामही पडला, हेही सांगायला हवे. सगळ्यांची शरीरे काही एका मापाची नसतात.

मनातली गोष्ट कातडीपर्यंत पोचते कशी? मूल आईच्या पोटात आकार घेत असते तेव्हा मेंदू, मज्जातंतू आणि कातडीचा वरचा थर ही सारी एकाच बाहेरच्या थरापासून घडतात. सख्खी भावंडेच म्हणा ना! जन्मानंतरही त्यांचे बोलणे थांबत नाही. लाज वाटली की गाल लाल होतात, भीती वाटली की अंगावर काटा येतो. इसबात हीच बोलाचाली महागात पडते.

ज्वारीच्या शेतात मचाणावर गोफण घेऊन बसलेला राखणदार डोळ्यांपुढे आणा. कातडीत मज्जातंतूंच्या टोकांजवळ मास्ट पेशी नावाचे असे राखणदार बसलेले असतात. त्यांच्या गोफणीत हिस्टामिन आणि तशीच इतर द्रव्ये भरलेली असतात. वावड्याची वस्तू आली की ते गोफण सोडतात. कातडी लाल होते, खाज सुटते. माणूस घोरात असला म्हणजे मज्जातंतूंच्या टोकांतून अशी द्रव्ये झिरपतात की हे राखणदार आधीच बिथरून बसतात. मग पाखरू नुसते सळसळले तरी दगड सुटतो.

दुसरी वाट ग्रंथींची. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी संकटाच्या वेळी कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडतात. हा रस दाह शमवतो. जर्मनीत ट्रीअर येथे १९९७ साली इसब असलेल्या आणि नसलेल्या मुलांना परक्या मंडळींसमोर गोष्ट सांगायला आणि तोंडी गणिते करायला लावली. इसबाच्या मुलांत कॉर्टिसॉलची वाढ इतर मुलांपेक्षा कमी आढळली. म्हणजे आग लागली त्याच वेळी विझवायचे पाणी थोडे! शिक्षकमंडळी, फळ्यापुढे उभे केलेले मूल मान खाजवू लागले, तर तो उद्धटपणा नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

तिसरी गोष्ट भिंतीच्या डागडुजीची. अमेरिकेत वैद्यकीय, दंतवैद्यक आणि औषधशास्त्राच्या २७ विद्यार्थ्यांच्या कातडीवर चिकटपट्टी लावून ती वारंवार ओढून काढली आणि वरचा थर किती वेळात सांधतो ते पाहिले. या विद्यार्थ्यांना कातडीचा कोणताही विकार नव्हता. तरीसुद्धा सुटीच्या दिवसांपेक्षा परीक्षेच्या दिवसांत कातडी सावकाश भरून आली. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. धडधाकट कातडीची ही कथा, तर मुळात पोकळ असलेल्या भिंतीचे काय होत असेल!

आणि या सगळ्यावर कळस चढवते ते खाजवणे. खाजवले की क्षणभर बरे वाटते. पण नखांनी भिंत आणखी फुटते, दाह वाढतो, पुन्हा खाज. रात्रीची झोप जाते. झोप गेली की चिडचिड, चिडचिडीने ताण, ताणाने खाज. रहाटगाडगेच ते! आपण वडीलधारी माणसे त्यात भर घालतो. "खाजवू नकोस रे!" असे दिवसातून पन्नास वेळा ओरडतो, हातावर चापट मारतो. मूल आणखी धास्तावते आणि पांघरुणाखाली खाजवते. दुसरे कुणी म्हणते, "मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नको." हेही तितकेच चुकीचे. खाज खरी असते.

मग करावे काय? पहिली गोष्ट, डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांनी दिलेले मलम सांगितले तितके दिवस, सांगितले तसेच लावावे. दुकानातून परस्पर आणलेली जालीम मलमे चार दिवस बरे वाटून पुढे घात करतात. अंघोळ फार कढत पाण्याने नको, साबण बेताचा, आणि अंग ओलसर असतानाच साधे व्हॅसलीन किंवा डॉक्टर सांगतील ते लावून भिंत लिंपून घ्यावी. कपडे सुती, नखे कापलेली.

दुसरी गोष्ट, "खाजवू नकोस" म्हणण्याऐवजी हाताला दुसरे काम द्यावे. खाज आली की मूठ घट्ट आवळून तीसपर्यंत आकडे मोजायचे, नाहीतर त्या जागेवर तळहात दाबून धरायचा. सवय लागायला वेळ लागतो, पण लागते. जर्मनीत आठशेहून अधिक कुटुंबांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या काहींसाठी आठवड्याला एक असे सहा वर्ग घेऊन कातडीची निगा, खाजेला तोंड देणे आणि मन शांत ठेवणे शिकवले. वर्षभराने त्या मुलांचा आजार इतरांपेक्षा कमी झालेला दिसला. हे २००६ साली प्रसिद्ध झाले. औषधाच्या जागी हे वर्ग नव्हते, औषधाच्या जोडीला होते, एवढे मात्र विसरू नका.

तिसरी गोष्ट खास गुरुजींसाठी आणि बाईंसाठी. खरूज बारीक किड्याने होते. ती बोटांच्या बेचक्यांत दिसते, रात्री जास्त खाजते आणि घरातल्या अनेकांना एकदमच होते. ती लागट आहे आणि तिचे औषध सगळ्या घराने घ्यायचे असते. इसब लागट नाही. एका बाकावर बसल्याने, एका तांब्याने पाणी प्याल्याने तो कुणाला होत नाही. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. पण मुलाला वेगळे बसवून निकाल देऊ नका. तो निकाल त्याच्या कातडीवर उमटतो.

भाच्याच्या शाळेत मी स्वतः गेलो. गुरुजी भले माणूस होते. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून गप्प राहिले, मग म्हणाले, "आमचं चुकलं, उद्या पाठवा त्याला." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला पुढच्या रांगेत बसवले आणि साऱ्या वर्गासमोर त्याच्या हाताला धरून फळा पुसायला नेले. इसब काही त्या दिवशी पळाला नाही. मलम चालू राहिले, आजही थंडीत कोपर फुलतात. बहीण आणि मेहुणे आता कर्जाची बोलणी मुले झोपल्यावर अंगणात करतात. पण पोरगा रात्री झोपतो आणि सकाळी दप्तर घेऊन आपणहून निघतो. बहिणीच्या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर मला देता आले नसते.