पपईच्या पेशींतील बंदोबस्त

पपईवर वलयाकार ठिपके पाडणारा विषाणु खानदेशांतील बागाईतदारांस चांगलाच परिचित आहे. मावा त्यास झाडोझाडीं नेतो. पानें आकसतात, फळांवर वलयें उठतात, आणि रोगट झाड उपटण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

हवाई बेटांतील पुना भागांत (आपल्या पुण्याशीं या नांवाचा संबंध नाहीं) हा रोग १९९२ सालीं शिरला व तेथील बागा बसल्या. डेनिस गोन्साल्व्हिस व त्यांचे सहकारी यांनीं विषाणूच्याच आवरणाचें जनुक पपईंत घालून 'रेनबो' ही जात सिद्ध केली. १९९८ सालीं तिचें बीं बागाईतदारांस वांटण्यांत आलें आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या.

शत्रूचेंच जनुक रक्षक कसें व्हावें? जनुक हें पेशीचें मूळ दप्तर होय. त्यावरून आरएनएची एकपदरी नक्कल निघते व ती वाचून प्रथिन बनतें. परंतु दुपदरी आरएनए दिसलें कीं 'डायसर' नांवाचें विकर त्याचे सुमारें एकवीस अक्षरांचे तुकडे पाडतें. 'आर्गोनॉट' हें प्रथिन त्यांतील एक पदर नमुना म्हणून हातीं धरतें, आणि त्याशीं जुळणारी जी नक्कल सांपडेल ती कापून टाकतें. दप्तर शाबूत राहतें. जप्ती होते ती नकलेची. या विषाणूचें तर सारें दप्तरच आरएनएचें! तो पेशींत शिरतांच कापला जातो. पानाफुलांची घडण होतांना स्वतःचीं जनुकें आवरण्यासही वनस्पति हीच युक्ति योजते.

१९९० सालीं अमेरिकेंत पेटुनियाचा जांभळा रंग गडद करावा म्हणून रंगाचें जनुक वाढविलें, तों कित्येक फुलें पांढरीं फटफटीत उमललीं. दुपदरी आरएनएचें हें कर्तृत्व फायर व मेलो यांनीं १९९८ सालीं एका सूक्ष्म कृमींत सिद्ध केलें. त्यांस २००६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

मात्र सारी मदार अक्षरें जुळण्यावर आहे. तैवान व थायलंड येथील विषाणूंपुढें 'रेनबो' टिकली नाहीं. आणि भारतांतील विषाणूचा अक्षरक्रमही हवाईहून भिन्न आहे. तेव्हां तें बीं कोणी गुपचूप आणून देऊं म्हणेल तर तो व्यवहार बेकायदेशीर तर आहेच, पण पैसेही बुडण्याचा संभव मोठा. शिवाय तो संकर असल्यानें घरीं धरलेल्या बियांतील सुमारें चौथा हिस्सा रोपें या जनुकावांचून निघतात. आपल्याकडे तूर्त बागेभोंवतीं मक्याच्या किंवा ज्वारीच्या दाट ओळी लावून माव्यास अडवावें, आणि पहिलें रोगट झाड दिसतांच उपटून नष्ट करावें.