थरथरत्या हातांमागचा मेंदू

आजोबा आरामखुर्चीत स्वस्थ बसलेले असतात; पण मांडीवरच्या हाताची बोटे मात्र जपमाळ ओढल्यासारखी हलत असतात. पाऊल आखूड पडू लागते, सहीतली अक्षरे बारीक होत जातात. 'आता वय झाले' असे म्हणून घरची माणसे तो विषय सोडून देतात. परंतु हा दोष नुसत्या वयाचा नसेलही. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये ज्याचे वर्णन केले, तो कंपवात असू शकेल.

मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तेथे तयार होणारे डोपामिन नावाचे रसायन हालचालींची केंद्रे सुरळीत चालवते. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात आणि डोपामिनचा तुटवडा पडतो.

सर्पगंधा आणि ससे

या शोधकथेचा एक धागा आपल्या मुंबईचाही आहे. सर्पगंधेची मुळी रक्तदाबावर गुणकारी ठरते, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडले. त्याच मुळीतून पुढे रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन देऊन सशांना निपचित पाडले, आणि मग एल-डोपा टोचताच ते ससे पुन्हा हिंडू लागले! डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. एल-डोपा मात्र शिरते आणि तेथे त्याचे डोपामिन बनते. व्हिएन्नात होर्निकिएविच यांनी १९६० मध्ये रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचे दाखविले. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेली, आणि जखडलेले रुग्ण चालू लागले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गोळी मेंदूत काय करते?

कवायतीच्या मैदानावर सगळी पलटण जागच्या जागी पाय आपटीत राहिली, तर पुढे कोण सरकणार? रुग्णाच्या मेंदूत असेच काहीसे घडते. हालचालींच्या केंद्रांतील पेशी सेकंदाला सुमारे १३ ते ३० ठोक्यांच्या एकाच लयीत अडकून पडतात. गोळी लागू पडली की ही लय सैल होते आणि शरीर मोकळे होते. अंमल उतरला की ती परत येते. म्हणूनच गोळीची वेळ चुकवू नये. औषधाने रोग मुळातून जात नाही, हेही ध्यानी असावे.

नाण्याची दुसरी बाजू

डोपामिनचे काम एवढ्यावरच संपत नाही. लाभाची ओढ आणि अनुभवातून येणारे शहाणपण यांतही त्याचा वाटा आहे. रोगाच्या आरंभी मेंदूचा हा भाग बराचसा शाबूत असतो. तेव्हा हालचालींना पुरेशी पडणारी मात्रा येथे जादा होऊ शकते. २००४ मध्ये मायकेल फ्रँक व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की औषध न घेतलेले रुग्ण तोट्यापासून अधिक शिकतात, तर औषध घेतलेले लाभापासून.

आता ज्याने जन्मात कधी पत्त्यांना हात लावला नाही, असा गृहस्थ जुगारात पैसे घालवू लागला, गरज नसता खरेदी करीत सुटला, तर घरच्यांना काय वाटेल? 'म्हातारपणी बुद्धी फिरली!' पण काही रुग्णांत हा औषधाचाच परिणाम असतो. डोपामिनची नक्कल करणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी तो विशेषेकरून होतो. अतोनात खाणे किंवा कामवासना अनावर होणे हीदेखील त्याचीच रूपे. रुग्ण लाजेपोटी बोलत नाही; म्हणून घरच्यांनीच आपुलकीने विचारावे आणि डॉक्टरांच्या कानावर घालावे. औषध बदलल्यावर किंवा मात्रा कमी केल्यावर पुष्कळदा हा नाद ओसरतो.

मात्र गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. त्याने अंग ताठरून तीव्र ताप येण्याचा, प्रसंगी जिवावर बेतण्याचा धोका असतो. बोल लावण्याऐवजी केव्हा काय घडले याची वहीत नोंद ठेवावी आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.