पेडण्याचा महामार्ग आणि डिचोलीचे टिपर

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतील जवळपास ४४ टक्के दुचाकीवर होती; पंधरा लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या गोव्यात त्या वर्षी अडीचशेहून अधिक बळी गेले, म्हणजे लोकसंख्येच्या मानाने हे लहान राज्य देशाच्या सरासरीच्या पुढेच होते.

१ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने चालकांचे दंड वाढवले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच कायद्याच्या १९८-अ या कलमाने सदोष रस्ता आखणाऱ्या वा बांधणाऱ्यालाही एक लाख रुपयांपर्यंत दंड ठरवला, याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. वास्तविक गोव्याच्या उत्तर भागात हेच कलम अधिक बोलके ठरावे.

पेडणे तालुक्यात पत्रादेवीहून शिरणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ धारगळ, कोलवाळमार्गे म्हापशाकडे जातो. त्याचे रुंदीकरण झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर वाहतूकही वाढली, पण दुतर्फा गावे जागच्या जागीच राहिली आणि शेताला, शाळेला, देवळाला जाणारा माणूस तोच रस्ता ओलांडत राहिला. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते, त्यामुळे रुंद, सरळ रस्ता हा आपोआप सुरक्षित रस्ता ठरत नाही. महामार्गाच्या ज्या पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात होतात किंवा दहा जण दगावतात, त्याला सरकारदरबारी ‘अपघातप्रवण क्षेत्र’ म्हणतात. अर्थात, ही मोजदाद माणसे गेल्यावर वा गंभीर जखमी झाल्यावरच सुरू होते.

डिचोलीचे दुखणे निराळे आहे. तेथील खाणींचे लोहखनिज टिपरमधून आमोण्यासारख्या नदीकाठच्या धक्क्यांवर आणि तेथून बार्जमधून बंदराकडे जाई. भाडे टनामागे मिळत असल्याने खेपा वाढतील तेवढी कमाई वाढे, आणि ही घाई गावच्या अरुंद रस्त्यांवर उतरे. २०१२ साली खाणी थांबल्या, काही काळ चालून २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन परत सुरू झाल्यावर खनिजवाहू ट्रकांसाठी वेगळ्या रस्त्याचा जुना प्रश्नही परतला.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायद्याने ‘सुवर्णतास’ म्हटले असून २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखविरहित उपचार मिळू शकतात. मात्र पत्रादेवीपासून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय चाळीसेक किलोमीटरवर आहे, आणि त्या तासातला बराचसा वेळ त्याच महामार्गावर सरतो.